चार बोटं

सान्तियागोहून ऑकलंड. बारा तास चाळीस मिनिटं.
रविवारी रात्री निघायचं, मंगळवारी पहाटे उतरायचं.
सोमवार मधल्या मध्ये समुद्रात पडतो,
त्याची तक्रार कुणीच करत नाही.

तक्रारी येतात त्या चार बोटांच्या.

एकोणीस वर्षं मी हे बांध राखतेय.
पुढच्याची पाठ कुठे संपते,
मागच्याचे गुडघे कुठे सुरू होतात,
याचा सातबारा कंपनीने काढलेला नाही.
जेवताना सरळ, चढता-उतरताना सरळ,
बाकी ज्याच्या बोटाखाली बटण त्याचं राज्य.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरं;
पण अंथरूणच दुसऱ्याच्या मांडीवर असेल
तर पाहायचं कुणाच्या नजरेनं?

पाहिलंय मी सगळं.
वाइनचा पेला कलंडला म्हणून
एकाच परिषदेहून परतणारे दोन दंतवैद्य
एकमेकांचे दात पाडायला उठले होते.
एका बाईने खुर्चीत बाटली ठोकली पाचरीसारखी.
एकाने रात्रभर गुडघ्यांनी ढोल वाजवला.

त्या रात्री चौतिसाव्या रांगेत पाराटेने.
मेंढ्या कातरणारा. तिएरा देल फ्वेगोतला हंगाम उरकून घरी.
दिवसाला दोनशे मेंढ्या, कमरेत वाकून;
त्याची पाठ आता कशीही ठेवली तरी बोलते.
दिवे मंदावले, त्याने बटण दाबलं
आणि मागे गेला, पोतं टाकावं तसा.

मागे एर्मिंदा बारियेंतोस. चिलोए बेटावरच्या.
सत्तरी ओलांडलेली, विमानात पहिल्यांदाच,
लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या,
मांडीवर अर्धं विणलेलं करडं झबलं.

पाऊण तासाने मी पाणी घेऊन गेले
तर बाई दोन्ही तळहात पुढच्या खुर्चीला लावून बसलेल्या.
कोपरं थरथरतायत, ओठ आवळलेले.
म्हटलं, काय झालं?
"हळू बोल," म्हणाल्या, "बिचाऱ्याची खुर्ची मोडलीय.
झोपलाय तो. मी धरून ठेवलंय.
दुसरं कुणी येईपर्यंत सोडत नाही."

तीन भाषांतल्या सूचना मला तोंडपाठ.
एकही उपयोगाची नव्हती.

पाराटेने जागा झाला. मी सांगितलं ते त्याने
दोनदा सांगायला लावलं.
मग खुर्ची इतक्या सावकाश वर आणली,
कातरीने मेंढीच्या पोटाकडे वळावं तशी.
मागे वळून काही म्हणायला गेला, स्पॅनिश पुरेना,
तेव्हा झबल्याची कड दोन बोटांत धरून
हाताने कातरल्याची खूण केली, भुवया उंचावून.
"हातानेच," बाई म्हणाल्या. "आणि मेंढी माझीच."

पुढे तो बसूनच झोपला. मान कलंडत होती.
ते बाईंना बघवेना.
थोड्या थोड्या वेळाने खुर्चीवर टकटक करायच्या,
टेक रे, टेक जरा.
तो चार बोटं टेकायचा.
सवयीने त्यांचे हात पुढे यायचे,
मी लांबूनच मान हलवायचे,
हात पुन्हा सुयांकडे.
मला वाटतं, सोमवार तो हाच असावा.

उतरण्याआधी खुर्च्या सरळ करत गेले.
चौतिसाव्या रांगेत, पाठीच्या कापडावर,
करड्या लोकरीचा एक तंतू.
झटकायचा असतो. राहिला.

हॉटेलात आले, पडदे ओढले.
पलंगावर आडवी होण्याआधी
मागे वळून पाहिलं.
भिंत होती.
तरी थांबले जरा.